पाहुणा थांबेना

रामनाथ चुरी काही थांबेनात. व्हायोलिन हनुवटीखाली, बोटं चाललीच आहेत. बोईसरच्या हॉलमध्ये, मुलांच्या वाद्यवृंदासमोर हेमांगी वाद्यवृंद चालवायची काठी हातात धरून उभी होती आणि मनातल्या मनात दातओठ खात होती.

कॉन्चेर्टोत, म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद मिळून वाजवतात त्या रचनेत, ही एक जागा असतेच. वाद्यवृंदाने गप्प बसायचं, पाहुण्या वादकाने एकट्याने हवं ते वाजवायचं. शेवटी त्याने एक लांब थरथरता सूर धरला की मुलांनी पुन्हा आत शिरायचं. इतकं साधं! पण हे बुवा किती वाजवणार, हे कुणाला ठाऊक? तालमीला या म्हणून तिने किती फोन केले. "मी केळव्याचाच हाय, पोरी, घरचंच समज," म्हणाले, आणि उगवले ते थेट आज, शाल-श्रीफळाच्या वेळेला.

आठ वाजता हॉल हळदीसाठी सोडायचा होता. डीजेवाले खोके घेऊन दारात उभेच होते. शेवटचा वेगवान भाग अजून राहिला होता आणि तोच खरा मुलांचा होता. त्यासाठी त्यांनी अख्खी दिवाळीची सुट्टी घातली होती. तो राहिला तर कुठल्या तोंडाने समजूत घालणार होती ती त्यांची?

त्यात पहिल्या रांगेतल्या एका साहेबांचा मोबाइल वाजला आणि साहेब चक्क बोलायला लागले. "हां, प्रोग्राममध्येच हाय, बोला!" हेमांगीने मागे वळून असं काही बघितलं की साहेबांनी फोन मांडीखाली घातला. ती पुन्हा वळली, तर चुरी सरांनी नवीनच काहीतरी सुरू केलेलं. मुलं व्हायोलिनं अर्धवट उचलून तिच्या तोंडाकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने तो थरथरता सूर आला. पहिल्या खुर्चीवरच्या किंजलने गज टेकवला. हेमांगी घोटाळली. खरंच संपलं, की अजून आहे? तिने तळवा दाखवून मुलांना थोपवलं. आणि बघा, बुवांनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि परत चालू! वर चेष्टा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्यांची हौस, दुसरं काय!

"मॅडम, आमचं राहील ना," किंजल रडवेली होऊन कुजबुजली.

पुन्हा तोच सूर लागला. बस झालं. रुसला पाहुणा तर रुसू दे. हेमांगीने त्यांच्या सुरावरच काठी खाली आणली. मुलं तुटून पडली. शेवटचा भाग धावतपळत झाला, पण झाला. डीजेवाल्यांनीसुद्धा शिट्ट्या मारल्या.

पडद्यामागे जाताना तिने शब्द तयारच ठेवले होते. चुरी सर खुर्चीत बसून डाव्या हाताची बोटं चोळत होते. सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"सर, मोठे आहात, मान्य. पण मुलांचा वेळ किती खायचा?"

सरांनी वर बघितलं. रागावलेले दिसले नाहीत, नुसते दमलेले दिसले.

"माझं कवाच संपलेलं, पोरी. तो लांब सूर धरून खूण केली तवा तू त्या फोनवाल्याकडे बघत होतीस. दुसऱ्यांदा तूच पोरांना थोपवलंस. मग तू त्यांना आत घेईपर्यंत वाजवत रायलो. लोकांसमोर तुझं चुकलेलं दिसायला नको, म्हणून."