मानाचा नारळ

"घरातला पुरुष बोलवा," नारळ पुढे करत भटजी म्हणाले. नव्या खाणावळीच्या दारात सोळा वर्षांची केतकी आणि तिची आई, दोघीच उभ्या होत्या. बाईमाणसाला धंदा झेपायचा नाही, असं गावभर सांगत फिरलेले काका मानासाठी मात्र लगेच आले.

त्यांनी पायरीवर नारळ आपटला. तो फुटला नाही, घरंगळत गटाराकडे गेला. दुसऱ्यांदाही तेच. रोज सकाळी टोपलीभर नारळ एकेका घावात फोडणारी आई "धुऊन आणते" म्हणत तो मोरीत घेऊन गेली. मागोमाग गेलेल्या केतकीला दिसलं, आईने कोयत्याच्या पाठीने नारळाला हलकेच तडा दिला आणि पाझरलेलं पाणी पदराने टिपलं.

पुढच्याच फटक्याला काकांनी नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या.

दसऱ्याला काका पुन्हा हजर झाले, तर पूजेच्या कोयत्यापुढे नारळ आधीच फुटलेला.

"कुणी फोडला?"

"मी," म्हणत केतकीने नारळपाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"हे स्त्रीमुक्तीचं खूळ कुठे शिकलीस?"

केतकीने आईकडे पाहिलं.

"आमच्या मोरीत, काका."