चाळिसावी जागा

“माझे डोळे मिटायच्या आत धाकट्याला माझ्यापुढे आणून उभं कर,” आई फोनवर म्हणाली होती. हळव्या भावाला एवढ्या लांब एकटं कसं धाडायचं, म्हणून ताईने पाचपट भाडं मोजून त्याच्याच विमानाचं तिकीट काढलं.

विमानतळावर कळलं, त्याचं नाव कापलंय.

“साथीमुळे चाळीसच माणसं न्यायची परवानगी आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “महागाचं तिकीट विकलं गेलं, की सर्वांत स्वस्तवाल्याचं नाव जातं. काल असं एकच विकलं गेलं.”

ते ताईचं होतं.

“तू जा गं. मी स्वस्तातला निघालो,” धाकटा हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

“माझ्या जागी याला घ्या,” ताई मुलीला हळूच म्हणाली. मग तिने पट्ट्यावरची आपली बॅग उतरवली आणि त्याची चढवली.