मंगळवारी कुणीच ऐकत नव्हतं

चर्चच्या लिनक्स संगणकावर आतल्या आत चालू राहणाऱ्या बिनकामाच्या सेवा, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, आर्विद मंगळवारी एकेक करून बंद करत होता. उगाच उघडी राहिलेली दारं चोरांच्याच सोयीची. एक सेवा रविवारच्या प्रार्थनेचा आवाज इंटरनेटवरून बाहेर पाठवायची. ऐकणारं कुणीच जोडलेलं दिसेना, म्हणून त्याने तीही बंद केली.

पुढच्या सोमवारी तो अंथरुणाला खिळलेल्या गुनवोर आजींकडे वेलदोड्याचे पाव घेऊन गेला.

"काल मौन प्रार्थना होती का रे?" आजींनी विचारलं. "एरवी मेले खोकून खोकून जीव नकोसा करता. काल एकानं हूं की चूं केलं नाही! मीही स्पीकर उशाशी घेऊन, हात जोडून तासभर पडून होते. तुम्हा सगळ्यांबरोबर गप्प राहायला फार बरं वाटलं बघ."

काल पहिल्या रांगेत खड्या आवाजात गाणारा आर्विद मान खाली घालून म्हणाला, "हो, आजी. आम्हालाही."