बादशाची सुई

"न्हाई म्हंजी न्हाई," नजमुन्निसा म्हणाली. "परत सुई चालू करायची न्हाई. मागं तुमच्याच औषधानं मरत हुता त्यो."

समोर जनावरांचे डॉक्टर बबनराव उभे होते. टेबलावर बादशा पडून होता. पिवळा, थोराड बोका. एकेकाळी उचलताना दम लागायचा, आता फासळ्या हाताला लागत होत्या. उभा केला की मागचे पाय लटपटून टाचांवर टेकायचे. डॉक्टरांनी कानातून थेंबभर रक्त काढून साखर बघितली होती. चारशे वीस.

बोक्याला मधुमेह होतो, हे दौंडात कुणाला पटायचं नाही. पण नजमुन्निसानं सात महिने सकाळ-संध्याकाळ त्याला दोन-दोन युनिट इन्शुलिन टोचलं आणि बोका अंगानं भरला. मग तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी ती बाहेरून आली, तर तो फरशीवर झटके देत होता. साखर एकदम उतरली होती. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज देऊन वाचवला आणि इन्शुलिन थांबवलं. आता साखर पुन्हा चढली होती.

"चालू न्हाई केलं तर पंधरा दिवस काढंल," डॉक्टर म्हणाले. "चालू केलं आन् पुन्हा तसंच झालं, तर वाचवीनच असं सांगत न्हाई. दोन युनिटला एवढी साखर उतरायला नको हुती. मलाच उलगडा होईना. तुम्हीच ठरवा."

"मी ठरवू? सुई चालू केली तर तडफडून मरणार आन् न्हाई केली तर वाळून मरणार, ह्यातलं मी ठरवू?" तिचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. "माझ्या लेकीचं मांजर हाय ते!"

दाराशी उभा असलेला तिचा नवरा, लालमहंमद, जागचा हलला. रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर. चार वर्षांपूर्वी त्यांच्या तहमीनानं स्वतःच्या पसंतीनं वरवंडच्या मुजीबशी निकाह केला. लालमहंमदनं दुसरीकडं शब्द दिला होता. तो लेकीच्या निकाहाला गेला नाही. नजमुन्निसा एकटी गेली. ती परत आली त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. ती ताट आपटायची, तो खाली मान घालून जेवायचा. लेकीचं नाव तो काढत नसे. तिनं मागं ठेवलेल्या बोक्याकडं बघतही नसे. आज मात्र तो तिच्या रिक्षाच्या मागं सायकल मारत आला होता. कुणी बोलावलं नसताना.

"डॉक्टर, हिला सांगा, औषधाला बोल लावू नको," तो म्हणाला. "त्या दिवशी सुई मी दिली हुती. माझाच हात चुकला आसंल."

नजमुन्निसानं त्याच्याकडं बघितलं नाही. ती डॉक्टरांनाच म्हणाली, "ह्यांना विचारा, ह्यांनी कशाला दिली? बोक्याला कवा हात तरी लावलाय का?"

"ही सकाळीच उठून वरवंडला गेली. सात वाजले. बोका सुईच्या टायमाला फ्रीजपाशी येऊन बसतो, तसा बसला. तासभर वरडत हुता. सात महिने बघतोय मी, ही कशी देती ते. मोजून दोन युनिट भरलं. मानंची कातडी चिमटीत धरली आन् दिली."

"मी सहालाच देऊन गेले हुते!" ती ओरडली. "न देता जाईन व्हय मी?"

"मला काय ठावं? सांगून गेली का ही?"

"विचारलं का ह्यांनी?"

डॉक्टरांनी हातातला कागद टेबलावर आदळला. बादशा दचकला.

"दोन तासांत चार युनिट!" ते म्हणाले. "आन् मी तीन आठवडे पुस्तकं उलथीपालथी घालतोय. पुण्याला फोन लावतोय. औषध बरोबर हाय. डोस बरोबर हाय. बोका जगंल. आज एक युनिटवर चालू करू, मग वाढवू. पण बाटली मी तुमच्या घरात देणार न्हाई. सुई दिली का न्हाई एवढं सुदिक जिथं कुणी कुणाला सांगत न्हाई, तिथं ती बाटली म्हंजी इख हाय."

नजमुन्निसाला नवऱ्याचं ताट आठवलं. तीन आठवडे हा माणूस अर्धं ताट तसंच ठेवून उठत होता. तिला तो माज वाटला होता. बोक्याची सुईची वेळ याला पाठ होती. चिमट कुठं धरायची हे ठाऊक होतं. म्हणजे चार वर्षं हा सगळं बघत होता. लेक, बोका, सगळं हवं होतं याला, आणि तरी तोंड शिवून बसला होता. तिचा राग उतरला नाही. उलट आणखी चढला.

"भरा," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी एक युनिट भरलं. तिनं सुई हातात घेतली, बादशाच्या मानेची कातडी उचलली आणि टोचली. मग ती वळली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"रविवारी दोन्ही टायमाची सुई मी देणार," ती त्याला म्हणाली. "तुम्ही वरवंडला जायचं. लेकीकडं."