विजयवाड्याची लाइन

राज्याची दोन राज्यं झाली आणि कुठे किती वीज सोडायची ते ठरवणारी कंट्रोल रूमही वाटली गेली. ज्याचा नेटिव्ह जिल्हा जिकडचा, तो तिकडे. मुकुंद नारायणगुड्यातला तीन पिढ्यांचा मराठी, तो हैदराबादलाच राहिला. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी त्याची बायको पद्मजा जन्माने गुंटूरची, तिला विजयवाड्याला धाडलं.

विजेच्या तारांना मात्र नेटिव्ह जिल्हा नसतो, त्या जोडलेल्याच राहिल्या. इकडचा लोड वाढला की तिकडचं व्होल्टेज कोसळायची भीती, म्हणून दोघांना हॉटलाइनवर एकमेकांचं व्होल्टेज सारखं विचारावं लागतं. त्या लाइनवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो आणि मोबाईल बाहेर जमा असतात. विजयवाड्यात माणसं कमी, म्हणून पद्मजाला रोज डबल ड्यूटी. ती सुटेपर्यंत इकडे मुलगी झोपून गेलेली असते.

"विजयवाडा, व्होल्टेज सांगा."

"दोनशे सात."

"पुन्हा सांगा."

"दोनशे सात."

"पुन्हा एकदा."

शेजारी बसलेले शौकतसाहेब वैतागले. "एक बार सुने ना मियाँ, फिर कायकू पूछते?"

मुकुंदने नोंदवहीत आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच चिन्नी धावत आली. "बाबा, आज अम्माशी बोललास? काय म्हणाली ती?"

 

 

"दोनशे सात."