आधीचं पान

दलदल गोठली होती, म्हणून वाट होती. उन्हाळ्यात त्या केबिनपर्यंत पोचायची सोयच नसते. जानेवारीत मात्र जाड टायरच्या सायकली बर्फावरून थेट दारापर्यंत जातात. गिरीश मान खाली घालून पेडल मारत होता. समोर सौमित्रच्या टायरची रेघ तेवढी दिसत होती. सौमित्र दिसत नव्हता.

हे नवीनच होतं. एरवी सौमित्र कायम मागे, फोटो काढत, थर्मासमधला चहा पीत येणारा. शिकागोजवळच्या शॉमबर्गहून निघण्याआधी त्याने गुडघ्याचं निमित्त काढून ट्रिप कॅन्सल करायला पाहिलं होतं. गिरीश एकटाच निघतो म्हटल्यावर मुकाट्याने सायकल गाडीवर चढवली. आणि आज सकाळपासून कोणी पाठीस लागल्यासारखा पुढे पळत होता.

गिरीशने हँडलवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्या कागदाच्याही डोक्यावर त्याने श्री काढला होता. त्यावाचून त्याच्या घरी सामानाची यादीसुद्धा सुरू होत नसे. आमचे गिरीशबुवा पार्किंगचा दंड भरतानाही आधी श्री काढतात, असं सौमित्र देवळात सगळ्यांना सांगायचा. गिरीशची मुलगी रुही लहानपणी गणिताच्या होमवर्कवर श्री काढून शाळेत जायची, तर टीचरला वाटे की ही तिची सहीच आहे. आता ती इथेच विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला कॉलेजात होती आणि बापापेक्षा सौमित्रकाकाशीच फोनवर जास्त बोलायची.

वर्षापूर्वी हे तिघं होते. देवळाच्या बेसमेंटमध्ये गिरीश कीर्तनाला उभा राहायचा, देवांग पेटीवर, सौमित्र तबल्यावर. हिवाळ्यात एक वीकेंड तिघं विस्कॉन्सिनच्या या जंगलात सायकली घेऊन यायचे. एकाने आदल्या दिवशी येऊन शेगडी पेटवून ठेवायची, मागच्या दोघांनी विठ्ठलाचा गजर करत दारात शिरायचं. गेल्या वर्षी पाळी देवांगची होती.

केबिनचा नियम एकच. निघताना पुढच्यांसाठी लाकडं फोडून खोका भरून ठेवायचा. देवांग पोचला तेव्हा खोका रिकामा होता. बाहेरचे ओंडके बर्फाखाली दगड झालेले, हातमोजे ओले, फोनला रेंज नाही, आणि थंडी उणे तीसची. दुसऱ्या दिवशी हे दोघे गजर करतच आत शिरले होते. शेगडीसमोर जळून गेलेल्या काड्यांचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी देवांग.

त्या गोंधळात केबिनमधलं, येणाऱ्यांनी नाव-तारीख लिहायचं लॉगबुक उघडायचं कुणालाच सुचलं नाही. केबिन सांभाळणाऱ्या क्लबने आदल्या रात्री कोण राहिलं होतं ते कळवायला नकार दिला. मग बर्फ वितळलं आणि वाट बुडाली. तेव्हापासून गिरीश कीर्तनाला उभा राहिला नव्हता. देवाचं नाव घ्यायचं त्याच तोंडात वर्षभर कुणा अनोळखी माणसासाठी शिव्या घोळत होत्या. आधी ते नाव वाचीन, मग बघू, असं तो आग्रह करणाऱ्यांना सांगायचा.

दार लोटून तो आत आला. सौमित्र शेगडीसमोर गुडघ्यांवर बसला होता, हातात पेटती काडी. शेगडीत लाकूड मात्र एकही नव्हतं. गिरीशला बघताच त्याने काडी विझवली आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला.

"आलास बुवा? चहा टाकतो."

या वेळी खोका काठोकाठ भरलेला होता. गिरीश त्याच्याकडे बघत राहिला. मग फळीवरचं लॉगबुक काढून पानं उलटू लागला. देवांगचं पान सापडलं. गोल, नीटस अक्षरात तारीख आणि नाव. त्याच्या आधीचं पान नव्हतं. फाडलेली कड अजून पांढरीशुभ्र होती.

"पान कुठंय, सौमित्र?"

सौमित्र किटलीत बर्फ भरत होता.

"मीच राहिलो होतो त्या रात्री," तो म्हणाला. "ऑफिसच्या लोकांबरोबर. निघताना घाई झाली. राहून गेलं."

"देवांगच्या तेराव्याला तू माझ्या शेजारच्या पानावर जेवलास."

"हो."

"त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावून दिलास. तिला म्हणालास, देवाची मर्जी."

"हो म्हणतोय ना."

गिरीशचा आवाज चढला नाही. येत्या एकादशीला मी उभा राहणार, असं त्याने सांगितलं. पूर्वरंगात क्षमेवर अवाक्षर बोलणार नाही, आणि उत्तररंगात हीच गोष्ट सांगेन, नावानिशी. तबल्यावर दुसरं कुणीतरी असेल. यापुढे तू माझ्या घराची पायरी चढायची नाहीस, रुहीलाही फोन करायचा नाहीस.

रुहीचं नाव निघालं तसं सौमित्रने डोळे मिटले.

"सांग. देवळात सांग, सगळ्यांना सांग," तो म्हणाला. "फक्त ते पान वाचू नकोस. यार, एवढं ऐक माझं. मी कबूल केलंय, आता वाचून काय मिळणार? दोघं मिळून शेगडीत टाकू."

गिरीशने त्याच्या खिशात हात घातला. सौमित्रने मनगट धरलं, घट्ट, तबला वाजवून राठ झालेल्या बोटांनी. मग सौमित्रची पकड आपोआप सुटली. तो पाठ फिरवून खिडकीपाशी गेला.

पान चुरगळलेलं होतं. गिरीशने ते टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केलं. नाव कुणाचंच नव्हतं. तारीख देवांगच्या आदल्या दिवशीची. खाली पेन्सिलीने इंग्रजीत दोन ओळी: धमाल आली, सगळी लाकडं संपवली, पुढच्यांनो सॉरी.

आणि पानाच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, श्री.