काकूंची जागा

“नाही काका, तुम्हीच चालवा,” बेकरीवाला म्हणाला. “मालक कसा चालवतो ते बघितलं की गाडी कशी वापरलीय ते कळतं. मी आजवर सगळ्या गाड्या अशाच घेतल्यात.” आणि तो खुशाल पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी जाऊन बसला.

ती काकूंची जागा होती.

तशी स्टेशन वॅगनला नावं ठेवायला जागा नव्हती. रंग शाबूत, सीटा स्वच्छ, मागे पावाचे ट्रे सहज मावतील एवढी ऐसपैस जागा. खोट होती ती काकांच्या नजरेत. समोर पाहिलं की मधोमध धुकं. हे काकूंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गेलं वर्षभर काकू शेजारी बसून ‘लाल लागला’, ‘डावीकडे सायकल’ असं सांगायच्या आणि काका चालवायचे. वेडेपणा, दुसरं काय! शेवटी काकूंनीच गाडी विकायचा हट्ट धरला. काका तयार झाले, पण कारण कुणाला सांगायचं नाही म्हणाले. ‘दोघांना एवढी मोठी गाडी काय करायचीय’, एवढंच बोलायचं.

“चला की,” काका ताठ मानेने म्हणाले आणि त्यांनी चावी फिरवली.

काकू मागे मधोमध बसल्या, दोन सीटांमधून मान पुढे काढून.

“अगंबाई, तो टेम्पो बघा कसा आडवा लावलाय डावीकडे!” काकांनी टेम्पोला वळसा घातला. “आणि हा चौकातला सिग्नल, मेला आपल्याला बघूनच लाल होतो!” काकांनी गाडी थांबवली. काकूंची बडबड थांबेना.

“काकू, हात जोडतो,” बेकरीवाला म्हणाला, “जरा गप्प बसता का? मला इंजिन ऐकायचंय.”

“तिला सवयच आहे,” काका हसले.

काकू गप्प बसल्या. मागून हॉर्न वाजले तशी काकांनी गाडी काढली. बेकरीवाल्याने डोळे मिटून इंजिनाकडे कान लावला.

पुढे एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर उतरली. काकूंना ती दिसली. काकांचा पाय हलला नाही. आता ओरडलं तर सगळं उघडं पडणार, हे जन्मभर बोलणार नाहीत आपल्याशी, असं काकूंच्या मनात आलं. तेवढ्या क्षणाची त्यांना पुढे कायम लाज वाटली.

“थांबा! अहो, समोर बाई आहे!”

गाडी करकचून थांबली. बाबागाडी वीतभर लांब होती. बाईने तोंडाला येईल ते सुनावलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

“गेली का ती?” काकांनी विचारलं.

बाई अजून बॉनेटसमोरच उभी होती. बेकरीवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग हळूच हँडब्रेक ओढला.

“ब्रेक झकास आहेत,” तो म्हणाला. “गाडी मी घेतली, काका. पण आता उतरा. इथून मी चालवतो.”

काका उतरले. गाडी चाचपत मागच्या दारापाशी आले आणि काकूंच्या शेजारी बसले.

परत येताना चौकात सिग्नल पडला. “लाल लागला,” काकूंच्या तोंडून निघून गेलं. काकांचा पाय खालच्या मॅटवर दाबला गेला. काकूंनी जीभ चावली आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

सिग्नल सुटला. गाडी बरीच पुढे आली.

“गप्प का झालीस?” काका म्हणाले. “सांग ना, पुढे काय दिसतंय.”